पट्टी तीन दिवस उघडू नये

१२ ऑगस्ट

दादास,

पत्राला उशीर झाला म्हणून तू काळजीने खोलीत येरझाऱ्या घालत असशील, तेव्हा आधीच सांगते, घरात सगळे ठीक आहेत. फक्त माझा पाय रुसला आहे. न्हाणीघरात काचेची बरणी फुटली. मी सगळं झाडून घेतलं असं मला वाटलं, पण एक तुकडा माझीच वाट बघत दडून बसला होता. उजव्या पायाच्या करंगळीखाली घुसला. रक्त फारसं गेलं नाही, पण आठवडा झाला तरी जखम तोंड मिटायला तयार नाही.

सूनबाई सारखी दवाखाना दवाखाना करते. "आई, तुम्हाला साखर आहे," असं दिवसातून तीनदा ऐकवते, जसं काही मी विसरलेच आहे. मी तिला म्हटलं, माझ्या दादाने तुटलेलं बोट पाल्याने जोडलंय, माझ्या करंगळीचं काय घेऊन बसलीस.

आमच्या पाण्याच्या टाकीमागे एकदांडी उगवली आहे. तीच ना, उंच दांडीवर एकच पिवळं फूल असतं ती? फूलही घ्यायचं की नुसती पानं? आणि किती दिवस बांधायचं? सगळं सविस्तर लिही, आणि जरा सुटं लिही. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मला ते सूनबाईच्या नाकासमोर धरायचं आहे.

तुझी धाकटी

---

१७ ऑगस्ट

धाकटे,

पत्र वाचलं आणि पुन्हा चष्मा पुसून वाचलं. काच सगळी निघाली का? आधी ते बघ. न्हाणीघर पुन्हा झाड. ओल्या फडक्याने पूस, बारीक कण फडक्याला चिकटतात.

तीच एकदांडी. पानं खरखरीत, कडेला करवतीसारखे दाते. फूल मधे पिवळं, भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या. फूल घ्यायचं नाही. कोवळी पानं घ्यायची, धुवायची, तळहातावर चोळून रस जखमेत पिळायचा आणि चोथा वर ठेवून स्वच्छ फडक्याने बांधायचं. रक्त तर बघता बघता थांबतं. याच पाल्याचा रस तेलात कढवून केसांना लावतात, खोकल्यालाही कुणी कुणी काढा देतात. खोकल्याचं मला ठाऊक नाही, पण कापल्यावरचं माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली. कागदाने कापतं, सुरीने कापतं, पुठ्ठ्याच्या कोपऱ्याने कापतं. सगळे माझ्याकडेच यायचे. माझ्या खिडकीखाली विटांच्या फटींतून अजून एकदांडी उगवते, आणि मागच्या दाराने अजून कुणी ना कुणी येतंच.

वनस्पतींचं एक पुस्तक आमच्याकडे बांधायला आलं होतं. तू हसशील, माझी चौथी यत्ता आणि माझं वाचन सोळा-सोळा पानांचं, जो फर्मा घडी घालायला हातात येईल तेवढाच. पण एकदांडीचं पान माझ्या हातात आलं होतं. तिचे गुण त्यात छापलेले होते.

आता मुख्य गोष्ट. एकदा बांधलं की पट्टी तीन दिवस उघडायची नाही. पाण्याने भिजवायची नाही, कडेने उचलून बघायची नाही. आमच्या कारखान्यातल्या लांब्याचं बोट कटिंग मशीनमध्ये पेरापर्यंत चिरलं होतं, लोंबत होतं. मी पाला बांधला, तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही, आणि बोट जुळलं. त्याच्यानंतर तिथल्याच गवयाचा अंगठा कापला. त्याला सुद्धा मीच बांधलं, पण त्याला धीर नव्हता, त्याने मधेच उघडून पाहिलं. उघडलं नाही असं तो म्हणायचा. पण अंगठा गेला ना. तेव्हा सूनबाईला सांग, उघडून बघायचं नाही.

साखरेची गोळी घेतेस ना? पोचलं की लगेच लिही.

दादा

---

२५ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामांना डॉक्टरकीची पदवी कुठल्या विद्यापीठाने दिली?" मी म्हटलं, लांब्याच्या बोटाने.

दोनदा बांधून झालं. दोन्ही वेळा तीन-तीन दिवस. तू सांगितलंस तसं मी हातही लावला नाही, बाहेर पायरीवर सुद्धा मोजा घालून गेले. तुला आनंद वाटेल, आता दुखत अजिबात नाही. पूर्वी ठणका असायचा, आता बोट दाबलं तरी काही कळत नाही. थोडा वास येतो. पाला आतली घाण बाहेर ओढतो आहे असं मी समजते. सूनबाई मात्र नाकाला पदर लावून खोलीत येते. घरात आमची दोघींची तोंडं दोन दिशांना आहेत आणि पोरगा बिचारा मधे उंबऱ्यावर उभा असतो.

आज तिसऱ्यांदा बांधलं. आता अठ्ठावीसला उघडेन.

धाकटी

---

२८ ऑगस्ट

मामांना नमस्कार.

हे पत्र मी आईंना न सांगता शाळेतून लिहिते आहे. मी त्यांची सून असले तरी त्यांची वैरीण नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

आज सकाळी त्यांनी पट्टी उघडली तेव्हा मी बळजबरीने समोर बसले. करंगळी काळी पडली आहे. शेजारच्या बोटाचं टोक जांभळं आहे. पट्टीच्या बाहेर तळव्याला लाली चढली आहे आणि ती रोज थोडी वर सरकते, मी पेनाने खूण करून ठेवली होती. दुखत नाही म्हणून त्या खुश आहेत. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखत नाही हेच वाईट आहे, साखरेने तिथली जाणीव मेली आहे. त्या स्वतः घरी आल्या होत्या. आईंनी आतून कडी लावून घेतली.

यांनी हात जोडले, मी भांडले, काही उपयोग नाही. त्या एकच म्हणतात, "माझ्या दादाने लिहिलं तर जाईन. त्याचा पाला कधी चुकलेला नाही." मामा, तुम्ही लिहा. एका ओळीचं लिहा, पण लगेच लिहा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे, नंबर खाली देते. दुकानदार हाक मारतो.

तुमची सून

---

२ सप्टेंबर

धाकटे,

तब्येत कशी आहे? इकडे सगळं ठीक. माझ्या मनात आलं की एकदा डॉक्टरांना पाय दाखवायला हरकत नसावी. दाखवण्याने काही बिघडत नाही. तुझं वय आता पूर्वीचं नाही, त्यात साखर. पाल्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही. कदाचित टाकीमागची एकदांडी तितकी चांगली नसेल, किंवा दुसरंच काहीतरी उगवलेलं असेल. तिकडच्या मातीचं मला ठाऊक नाही. तरी तुला जसं योग्य वाटेल तसं कर, पण दाखव.

सूनबाईशी भांडू नकोस.

दादा

---

६ सप्टेंबर

दादा,

असं पत्र तू लिहीत नाहीस. नळ बंद केला का, कडी लावली का, गोळी घेतली का, असं चार पानं विचारणारा माणूस एकदम "योग्य वाटेल तसं कर" म्हणतो? सूनबाईने तुला लिहिलंय, हे मला कळलं. तिला विचारलं तर नुसती रडली. ती रडणाऱ्यांतली नाही.

आणि माझी एकदांडी दुसरंच काहीतरी असेल म्हणतोस. लहानपणी आपण दोघांनी तिच्या दांड्या तोडून एकमेकांच्या अंगावर फुलं उडवली आहेत. मी ती ओळखणार नाही?

अजून एक. गेल्या सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून हाक आली, तुमचा फोन आहे म्हणून. सूनबाई धावत गेली. हॅलो हॅलो करत राहिली. तिकडे कुणीतरी श्वास घेत होतं म्हणाली, मग ठेवून दिला. मला ताप आहे, आणि तापात माणसाला नको ते सुचतं. तो तू होतास का?

एका शब्दात सांग. पाला चालू ठेवू की नको? तू म्हणशील ते करेन. तुझ्यावर माझा विश्वास आहे म्हणून विचारते.

धाकटी

---

९ सप्टेंबर

धाकटे,

नको. पाला काढून टाक आणि हे पत्र पुढे वाचण्याआधी दवाखान्यात जा. सूनबाईला हाक मार. हे पत्र बरोबर घे, तिथे वाच.

तो फोन माझाच होता. पोस्टात जाऊन लावला. माझ्यामागे दोन माणसं उभी होती. सूनबाईचा आवाज आला आणि माझी जीभ उचलेना. नुसतं "तिला घेऊन जा" म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की तू विचारणार, का, आणि मग सगळं सांगावं लागणार. मी फोन ठेवला आणि घरी येऊन ते गुळमुळीत पत्र लिहिलं. तुझा पाय काळा पडत होता आणि मी माझं तोंड वाचवत होतो. आजही पोस्टात गेलो होतो, पण फोनची तार तुटली आहे म्हणाले. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतोय.

आता सांगतो. अक्षर वाचता आलं नाही तर सूनबाईकडून वाचून घे. तिच्यासमोर सुद्धा माझी लाज जाऊ दे.

लांब्याचं बोट पाल्याने जुळलं नाही. कटिंग मशीनच्या पात्यापुढे एक आडपट्टी असते, हात आत जाऊ नये म्हणून. काम लवकर उरकावं म्हणून थोरल्या मालकांनी ती काढायला सांगितली आणि मी माझ्या हाताने काढली. चौथ्या दिवशी लांब्याचं बोट पात्याखाली आलं. त्याच आठवड्यात सरकारी तपासनीस यायचा होता. दवाखान्यात नेलं असतं तर नोंद झाली असती. मालकांनी समोरच्या गल्लीतल्या कंपाउंडरला मागच्या दाराने आणलं. त्याने पाच टाके घातले, पिवळी पूड लावली. मग मालक मला म्हणाले, "तुझा तो पाला बांध वरून. कुणी विचारलं तर कागदाने कापलं, पाला लावला. आणि तीन दिवस उघडू देऊ नकोस." तपासनीस तिसऱ्या दिवशी येणार होता. टाके कुणाला दिसू नयेत म्हणून ते तीन दिवस.

धाकटे, तीन दिवसांचा नियम एवढाच आहे. कुठल्या पुस्तकातला नाही, कुणा वडीलधाऱ्यांनी सांगितलेला नाही.

लांब्या पुढे दुसरीकडे कामाला गेला. त्यालाही बोलू नको म्हणून सांगितलेलं होतं. बोट जुळलं आणि नाव माझं झालं. मला मुकादम केलं. मागची ही खोली हयातभर राहायला दिली. लोक आदराने यायला लागले. पहिल्या पहिल्यांदा मी हसून टाळायचो, मग टाळेनासा झालो. दहा वेळा सांगितल्यावर माझं मलाच खरं वाटायला लागलं. लहान कापण्यांना पाल्याने बरं वाटायचंच. रक्त थांबायचं, चार दिवसांत खपली धरायची. त्यामुळे माझं फावलं.

मग गवयाचा अंगठा. तुला तो आठवेल, फर्मे घडी करताना गुणगुणायचा म्हणून गवई. आडपट्टी अजून काढलेलीच होती. तेव्हा कंपाउंडर गाव सोडून गेला होता. मालक म्हणाले, "बांध रे, तुझ्या हाताला गुण आहे." ते थट्टा करत होते की खरंच विसरले होते, मला आजही कळलेलं नाही. मी विसरलो नव्हतो. मला ठाऊक होतं की आत टाके नाहीत, पूड नाही. तरी बांधलं. दुसऱ्या दिवशी गवई म्हणाला, "मुकादम, आत उकळतंय." मी म्हटलं, पाला काम करतोय, धीर धर. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा अंगठा गेलेला होता. मालकांनी विचारलं, "मधे उघडली होतीस का?" तो नाही म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, उघडली असणार.

वनस्पतींच्या पुस्तकाचंही सांगतो. माझ्या हातातल्या फर्म्याचं शेवटचं पान एकदांडीच्या गुणांनी भरलं होतं आणि शेवटचा शब्द होता "परंतु". पुढचं पुढच्या फर्म्यात. तो फर्मा शेजारच्या टेबलावर होता, दोन हातांवर. मी उठून पाहिलं नाही. त्या "परंतु"च्या पुढे तुझा पाय होता का, कोण जाणे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा साखरेवर माझी नजर अडली होती. चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचलं ते त्यासाठी. पण तू लिहिलं होतंस, माझ्या दादाने बोट जोडलंय. ते वाचून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यापायी मी तुला तीन दिवस लिहून पाठवले.

पाला खोटा नाही. मी खोटा. जा आता.

दादा

---

२१ सप्टेंबर

मामा,

आई लिहायला सांगताहेत म्हणून लिहिते, शब्द त्यांचे आहेत.

"दादा, बारा तारखेला पत्र मिळालं. तू सांगितलंस तसं अर्ध्यावर थांबले आणि रिक्षात बसले. बाकीचं दवाखान्यात वाचलं. दोन बोटं काढली. करंगळी आणि तिच्या शेजारची. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आल्या असतात तर एकावर भागलं असतं. तेव्हा एक बोट काचेचं आणि एक तुझ्या फोनचं, असा मी हिशोब मांडला आहे.

मी रागावले आहे. माफी मागू नकोस, माझ्याकडे आत्ता ती नाही. पण मला जे लिहिलंस ते चुकीच्या पत्त्यावर आलं, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. माझ्या दोन बोटांआधी गवयाचा अंगठा आहे. तो अजून असेल तर जा त्याच्याकडे. तोवर मला लिहू नकोस."

मामा, एवढंच. माझ्याकडून मी इतकंच सांगते की पाय वाचला आहे, ताप उतरला आहे. तुमचं पत्र त्यांनी उशाखाली ठेवलंय. फाडायला मागितलं तर देत नाहीत.

तुमची सून

---

४ ऑक्टोबर

धाकटे,

लिहू नकोस म्हणालीस, पण गवयाकडे जाऊन आलो म्हणून लिहितो.

तो इथून दोन गल्ल्या सोडून मुलीकडे राहतो. इतकी वर्षं मी त्या गल्लीने जायचं टाळत होतो आणि भाजीला लांबून वळसा घालून जायचो. दारापर्यंत तीनदा गेलो आणि परतलो. चौथ्या वेळी त्यानेच खिडकीतून पाहिलं. म्हणाला, "मुकादम, गल्लीची मोजणी चालली आहे का?"

आत गेलो. तो नातीच्या वह्यांना कव्हरं घालत होता, चार बोटांनी. घडी अजून सुतासारखी सरळ. मी बसलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. टाके, पूड, तपासनीस, तीन दिवस. त्याचं काम थांबलं नाही. एक वही संपवून दुसरी घेतली, तीही संपवली.

मग म्हणाला, "म्हणजे मी उघडली नव्हती."

मी म्हटलं, नव्हती.

"मला ठाऊक होतं रे. पण सगळे इतकं म्हणाले, की मला वाटायला लागलं, झोपेत तर उघडली नसेल?" मग तिसरी वही ओढत म्हणाला, "तू उशीर केलास. हे माझ्या बायकोला सांगायला यायचं होतंस. जन्मभर ती म्हणायची, तुम्हाला चार दिवस धीर धरता आला असता तर. जाताना सुद्धा तिच्या मनात तेच होतं."

तिला कुठून सांगू?

त्याने शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "उद्या दहा वाजता कारखान्यात ये. मी येतो. तिथे बोल, जिथे उघडली असणार म्हणालास तिथे." दुसऱ्या दिवशी तो मुलीचा हात धरून आला. धाकटे मालक, घडीवाल्या बायका, शिवणवाले, सगळे गोळा झाले. मी कटिंग मशीनपाशी उभा राहून सांगितलं. मधेच गवई म्हणाला, "मोठ्याने, मुकादम. मागच्यांना ऐकू जात नाही." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एका बाईने आपल्या बोटावरची पाल्याची चिंधी माझ्यादेखत सोडली आणि नळाखाली हात धरला. धाकटे मालक खोलीचं काही बोलले नाहीत. मीच किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आहे. महिन्याअखेर सोडतो. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही, त्याची काळजी लागून राहिली आहे, पण ती तुला सांगायची नव्हती, सवयीने लिहून गेलो.

खिडकीखालची एकदांडी मी उपटली नाही. तिचं काय चुकलं? आता मागच्या दाराने कुणी आलं तर सांगतो, आधी पाण्याने धुवा, खरचटलं असेल तर पाला लावा, खोल असेल, साखर असेल तर दवाखाना गाठा. आणि रोज उघडून बघा.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो आहे. माफी मागायला येत नाही, तू नको म्हणालीस. सूनबाईला विचार, तुझी पट्टी ती किती वाजता बदलते. मी त्या आधी येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. पण उघडलंस, तर पट्टी सोडताना मला बाहेरच्या खोलीत बसवू नकोस. मला बघू दे.

दादा